बिनवासाचं घर

त्या इमारतीत कुणालाही विचारा, नाकवाली वहिनी कुठे राहते, की बोटं तिसऱ्या मजल्याकडे जायची. नाव ऐकून पाहुणा मनात भलंमोठं नाक रंगवत जिना चढायचा आणि दारातली बाई बघून हिरमुसायचा. वहिनीचं नाक दिसायला बेताचंच होतं, किंचित बसकं. पण साबणाच्या कारखान्यात पगार मिळायचा तो त्या नाकाला. तयार झालेला साबण आधी तिच्या टेबलावर यायचा, ती हुंगायची आणि म्हणायची, जाऊ दे; नाहीतर म्हणायची, थांबवा. तेल जुनं होतं का, सुगंध कमी पडला का, वडीला ओल लागली का, हे तिला यंत्राच्या आधी कळायचं.

घरातही नाकाचंच राज्य होतं. वासाचं तेल नाही, पावडर नाही, कांदा परतायचा तो वहिनी कामाला गेल्यावर. सासूबाईंना गुडघ्याला बाम चोळायचा असला की त्या बाटली घेऊन जिन्यात जाऊन बसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, सुनेने म्हातारीला घराबाहेर काढलंय. सासूबाईही हा गैरसमज दूर करायची फारशी घाई करत नसत. तेवढीच विचारपूस होते, म्हणायच्या.

पण या राज्याचे खरे सेनापती होते मिस्त्री, म्हणजे वहिनीचा नवरा. दारं-खिडक्या बनवणं हा त्यांचा धंदा. इमारतीखाली टायरचं दुकान, समोर बेकरी, कोपऱ्यावर कोंबडीवाला. रस्त्याचा वास म्हणजे बारा भानगडी. "तुझं नाक हे आपल्या घरचं हत्यार आहे. त्याला गंज चढू द्यायचा नाही," असं म्हणून त्यांनी घरातली प्रत्येक फट रबराच्या पट्टीने बुजवली होती. चौकटीला पट्टी, उंबऱ्याला पट्टी, न्हाणीघरातल्या झरोक्याला तर दोन. आल्यागेल्याला ते खिडकीशी उभं करून म्हणायचे, "घ्या, घ्या मोठा श्वास. काही येतंय? नाही ना? आमच्या घराला वासच नाही!" पाहुणा भिडेपोटी मान डोलवायचा. नाकवालीच्या घरात कोण बोलणार?

असं सगळं झकास चाललेलं असताना वहिनीच्या हातून एक बॅच सुटली. तेल खवट झालेलं होतं, तिला कळलं नाही, ती म्हणाली जाऊ दे, आणि साबण दुकानांत पोचून तिथून शिव्या घेऊन परत आला. वास तपासणाऱ्यांच्या मुख्यबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सोमवारी सगळ्यांची परीक्षा घेते. ज्याचं नाक चालत नाही, त्याने पॅकिंगला जायचं. मी कुणाचं तोंड बघणार नाही."

पॅकिंगला काही कमी माणसं नव्हती, आणि पगारातही फार फरक नव्हता. पण वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. लहानपणी ती ताटातला घास, दप्तरातलं रबर, पाहुण्यांच्या चपला, सगळं आधी हुंगायची म्हणून तिने घरात किती धपाटे खाल्ले होते! ज्या खोडीबद्दल आईने हात उगारला, त्याच खोडीसाठी मोठेपणी लोक तिला बोलवून खुर्ची देत होते. तिच्याकडे तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक होतं. तेही गेलं तर आपण नक्की कोण, हा प्रश्न तिला आंघोळ करताना, भाजी चिरताना, सारखा छळायला लागला.

त्यातून गेले काही महिने डोकं जड. सकाळी उठल्यावर वाटायचं, झोप झालीच नाही. सासूबाईंना कोरडा खोकला लागला होता. कामावर पहिला तासभर तर वहिनीला सगळे साबण सारखेच यायचे. संध्याकाळी घरी येऊन ती म्हणायची, "आज पण वास पुसटच आले हो." मिस्त्री दोन्ही हात कमरेवर ठेवून खिडकीकडे बघायचे आणि म्हणायचे, "म्हणजे अजून कुठूनतरी रस्ता आत येतोय." मग ते डबा उघडून आणखी एक पट्टी चिकटवायला बसायचे. वहिनी म्हणायची वास कमी, की मिस्त्री लावायचे पट्टी. मिस्त्री लावायचे पट्टी, की वहिनी म्हणायची वास आणखी कमी. हे असं किती दिवस चाललं असतं देव जाणे.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नणंद आली. ही मिस्त्रींची धाकटी बहीण, शहराबाहेर अळंबीच्या शेडवर काम करणारी. अळंबी म्हटलं की सासूबाई नाक मुरडायच्या, "कुत्र्याच्या छत्र्या त्या! आणि ही पोरगी त्यांना पंखा घालते." शेड धुवायला काढली होती, म्हणून तिला चार दिवस सुटी मिळाली होती. पिशवीत कपडे थोडे आणि शेडमधलं एक छोटं यंत्र होतं. त्याचा गळ्यात अडकवायचा पट्टा तुटला होता, तो तिला शहरात बदलून घ्यायचा होता.

दार उघडलं. नणंदेने एक पाय आत टाकला आणि ती थबकली.

"अगं बाई, कसला गं हा वास?"

या घरात येऊन, या घराला, वास?

"तुझंच नाक बिघडलंय," सासूबाई म्हणाल्या. "शेणाखतात दिवस काढतेस ना, डोक्यात बसलाय तो."

"आई, शेणाचा वास मला ओळखू येत नाही होय? हा वेगळाच आहे." ती पुन्हा हुंगायला लागली आणि गोंधळली. "थांब. गेला वाटतं. आता नाही येत."

"होताच कुठे," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या हे सगळ्यांना दिसत होतं. पण वहिनीच्या मनात एक किडा वळवळायला लागला. आला आणि गेला? वास असा दारातून निघून जात नसतो. मग गेलं ते काय?

जेवणं झाल्यावर नणंदेने यंत्र पुसून टेबलावर ठेवलं आणि सहज म्हणून चालू केलं. त्यावर आकडा उमटला. तो बघून तिने यंत्र उचललं, झटकलं, परत ठेवलं.

"हे काय मोजतं?" वहिनीने विचारलं.

"आपण श्वास सोडतो ना, त्यात जो वायू असतो, तो. बाहेर उघड्यावर साधारण चारशे दाखवतं. शेडमध्ये हजाराच्या वर गेलं की आम्ही पंखे लावतो. नाहीतर अळंबी बिघडते, मान लांबलचक आणि डोकं एवढंसं."

"आणि आता किती आहे?"

नणंदेने यंत्र तिच्याकडे फिरवलं. दोन हजार ओलांडून गेलं होतं. "वहिनी, तुमच्या दिवाणखान्यात माझी एक टोपलीसुद्धा नीट उगवायची नाही."

सासूबाईंनी मुलाकडे निरखून पाहिलं. "तरीच याची मान अशी झालीये," त्या म्हणाल्या. मिस्त्री सोडून सगळ्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर गेले आणि वहिनीने साप्ताहिक सुटी असूनही धुण्याच्या कपड्यांना हात लावला नाही. यंत्र घेऊन ती घरभर फिरायला लागली. पाहुण्याला घर दाखवावं तसं तिने त्याला सगळं दाखवलं. स्वयंपाकघरात शेगडी पेटवली की आकडा चढायचा. सासूबाईंच्या खोलीत, रात्रभर दार लावून झोपतात तिथे, तो सगळ्यात जास्त होता. कपाटात ठेवून बघितलं, पलंगाखाली ठेवून बघितलं. तिघींनी यंत्राभोवती बसून गप्पा मारल्या, तेव्हा वाढला. सासूबाईंनी शेजारणीची गोष्ट सुरू केली तेव्हा तर फारच भरभर वाढला. कित्येक महिन्यांत वहिनीला इतकी मजा आली नव्हती. सोमवारची परीक्षाही ती तेवढ्यापुरती विसरली.

"खिडकी उघडू या का?" तिने विचारलं.

"एक उघडून काय होणार?" नणंद म्हणाली. "वाऱ्याला यायला वाट लागते तशी जायलाही लागते. समोरासमोरच्या दोन उघड."

पण मिस्त्रींची खिडकी म्हणजे मिस्त्रींची खिडकी. पट्ट्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की दोघींनी मिळून ओढली तेव्हा कुठे स्वयंपाकघराची खिडकी हलली. मागच्या गॅलरीचं दारही उघडलं. वारा आत शिरला आणि भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. सासूबाई दचकून म्हणाल्या, "अगोबाई, हे हलतं होय!" यंत्रावरचा आकडा बघता बघता उतरला. हा सूर्य, हा जयद्रथ. थोड्या वेळाने वहिनीच्या कपाळावरचं ओझंही उतरल्यासारखं वाटलं. तिने धावत जाऊन आपल्या साबणाच्या नमुन्यांचा डबा उघडला आणि एकेक वडी नाकाशी धरली.

पुसट. सगळं पुसटच.

ती मटकन खुर्चीत बसली. "डोकं सुटलं वन्सं, पण नाक नाही सुटलं. म्हणजे दोष घरात नव्हता. माझ्यातच आहे."

नणंद तिच्या शेजारी बसली. "वहिनी, काल दारात मला जो वास आला ना, तो आज दूध घेऊन वर आले तेव्हाही आला. अगदी पहिल्या श्वासाला. मग गेला."

"कसला होता?"

"तेच तर. मला वास येतो, नाव येत नाही."

वहिनी सावरून बसली. नाव शोधणं हे तर तिचंच काम होतं. "बरं. मी विचारते, तुम्ही सांगा. गोड होता की आंबट?"

"गोड. पण खावंसं वाटेल असा नाही."

"नाकात कुठे लागला? पुढे की वर डोळ्यांपाशी?"

"वर. जरासा झोंबला."

"शिजलेला वाटला की कच्चा?"

"शिजलेला कुठला! सायकलचं पंक्चर काढतात ना, तिथे उभं राहिल्यावर येतो, तसलं काहीतरी. नाहीतर आपण नखं रंगवतो तेव्हा येतं तसं. पण जुनं."

वहिनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण तिने तो लगेच मान्य केला नाही. ऐकीव गोष्टीवर साबण थांबवायचा नसतो, हे ती नव्या मुलींना शिकवायची. नणंदेला खिडकी आणि दार पुन्हा लावून घ्यायला सांगून ती चप्पल घालून खाली गेली, इमारतीच्या मागे झाडाखाली निवांत बसून राहिली आणि मग नाक चिमटीत धरून तिन्ही मजले चढली. दारात चिमूट सोडली.

आला. गोड, झोंबरा, जुना. तिने दुसरा श्वास घेतला, तोही आला. चौथ्या-पाचव्या श्वासाला पार नाहीसा झाला, जसा काही कधी नव्हताच.

वास गेला नव्हता. नाकच दमून गप्प बसलं होतं. जो वास चोवीस तास असतो त्याची दखल नाक घेत नाही, हे तिला कामावर पहिल्या दिवशी शिकवलं होतं. म्हणून तर तपासणाऱ्या सगळ्या दर थोड्या वेळाने टेबल सोडून उठत. पण घरातून उठून कुठे जायचं, हा विचार तिने कधी केला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ती पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. दर खेपेला थोडी पुढे जायची. जिन्यातली माणसं बघत होती, नाकवाली वहिनी नाक धरून वरखाली का करतेय. शेवटच्या खेपेला ती सरळ खिडकीपर्यंत पोचली आणि चौकटीला नाक लावलं.

तिथे पट्टी होती. पट्टीखाली पट्टी होती, तिच्याखाली आणखी एक, आणि प्रत्येकीच्या खाली डब्यातला पिवळा गोंद. घराच्या प्रत्येक भोकाभोवती तो गोंद होता आणि त्याला बाहेर जायला एकही भोक नव्हतं.

"सापडलं?" नणंदेने विचारलं.

"सापडलं," वहिनी म्हणाली, आणि तिला आनंदाऐवजी रडूच आलं. आता हे मिस्त्रींना सांगायचं कुणी?

मिस्त्री संध्याकाळी आले ते हातात नवा डबा घेऊनच. परीक्षा जवळ आली म्हणून त्यांनी दुकानातला सगळ्यात भारी गोंद आणला होता. नणंदेने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ती स्वयंपाकघरात पसार झाली. सासूबाईंनी मात्र पळ काढला नाही. "तू बोल," त्या सुनेला म्हणाल्या. "सोन्याची सुरी म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही."

वहिनीने सांगितलं. जमेल तितकं हळू, जमेल तितकं गोड. मिस्त्रींचा आधी विश्वासच बसेना. मग ते तिच्या सांगण्यावरून खाली जाऊन, झाडाखाली बसून वर आले. दारात त्यांनी श्वास घेतला. त्यांचा चेहरा बदलत गेलेला तिला दिसला.

"मी तुझ्या नाकासाठी केलं गं हे सगळं," ते म्हणाले.

"माहीत आहे हो."

"आणि मीच..."

"मी वास तपासणारी. मला कळायला हवं होतं," वहिनी म्हणाली.

मग मिस्त्रींनी नवा डबा दाराबाहेर नेऊन ठेवला, हत्यारांच्या पेटीतून पटाशी काढली आणि पहिल्या खिडकीशी बसून पट्ट्या खरवडायला लागले. स्वतःच्या हाताने केलेलं, मानाने मिरवलेलं काम उखडणं सोपं नसतं. वहिनीला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून ती शेजारी बसून निघालेले तुकडे गोळा करायला लागली. सगळी चौकट साफ झाली तेव्हा खिडकी हलक्या हाताने उघडली. खालचं टायर, समोरचा पाव, कोपऱ्यावरच्या कोंबड्या, सगळे एकदम घरात घुसले. "या!" सासूबाई म्हणाल्या आणि तिथल्या तिथे, खुर्चीत बसून, त्यांनी गुडघ्याला बाम चोळला.

मधले दोन-तीन दिवस वहिनी उघड्या खिडकीशी झोपली. सकाळी बरं वाटायचं. पण नाक खरंच परत आलं, की तसं वाटतंय, हे तिला नक्की सांगता येईना. मिस्त्री काही विचारत नव्हते. त्यांच्या न विचारण्यानेच तिला जास्त धाकधूक व्हायची.

सोमवारी मुख्यबाईंनी एकेकीला आत बोलावलं. टेबलावर काचेच्या वेगवेगळ्या भांड्यांत वासाच्या तेलात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या उभ्या होत्या. वहिनीने पहिली उचलली. गुलाब, पण स्वस्तातला. दुसरी लिंबाची साल. तिसरी खवट तेल, तेच ते, तिच्या हातून सुटलेलं. ते ओळखलं तेव्हा तिचा जीव जरा भांड्यात पडला. चौथीत चंदन आणि त्यामागे लपवलेला कापूर.

पाचवी पट्टी तिने नाकाशी धरली आणि काहीच आलं नाही.

तिने परत हुंगलं. काही नाही. मुख्यबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. काहीतरी बोलून टाकावं, मोगरा म्हणावं, लागला तर लागला, असं अगदी ओठांवर आलं. पण ती उठून खिडकीपाशी गेली, बाहेरची हवा घेतली आणि परत येऊन बसली. दमलेल्या नाकाचं "काही नाही" तिने गेले कित्येक महिने अनुभवलं होतं. ते जड असतं, कपाळावर बसतं. हे तसं नव्हतं. हे मोकळं होतं. झाडाखाली बसली होती तेव्हा, नाक चिमटीत धरायच्या आधी, होतं तसं.

"हिच्यावर काही लावलेलंच नाही बाई," ती म्हणाली.

मुख्यबाईंनी पट्टी तिच्या हातातून घेतली. "सकाळपासून हिला मोगरा म्हटलंय, जाई म्हटलंय, एकीने तर वेलचीसुद्धा म्हटलंय," त्या म्हणाल्या. "जा. तुझ्या टेबलावर बस."

वहिनी बाहेर आली आणि भिंतीला टेकून हसायला लागली. हसता हसता कधी रडायला लागली तिचं तिलाच कळलं नाही. तिने मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे हातातच धरून बसले असणार. तिच्या तोंडून शब्द फुटेना, नुसते हुंदके.

"अगं, रडू नकोस," मिस्त्री म्हणाले. "ऐक माझं. गेलं तर गेलं नाक. नाकाशी थोडंच लग्न लावलंय मी? पॅकिंग तर पॅकिंग. आणि खिडक्या उघड्याच राहतील, तू काही सांगायची गरज नाही. तुला वास आला नाही तर मी सांगेन ना, बेकरीत काय भाजतायत ते. रोज सांगेन. तू फक्त घरी ये."

वहिनीला त्यांना मध्येच थांबवता आलं असतं. पण तिने थांबवलं नाही. भिंतीला टेकून, डोळे पुसत, तिने ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं.

"झालं बोलून?" मग ती म्हणाली. "आता माझं ऐका."